आपा, ते आठ महिने

आपा,

तुझी जियारत, तिसऱ्या दिवसाची दुआ, झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जतहून सांगलीला परत आले. तुझी लेक शबाना म्हणाली, "खाला, चाळीसाव्यापर्यंत ऱ्हावा की." नाही राहिले. घरात बायका येत होत्या, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होत्या, आणि मला त्या सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं की माझी बहीण एवढी गोड नव्हती. ती भांडायची. तिचा आवाज पेठेच्या त्या टोकाला ऐकू जायचा. माझी चाळिशी उलटल्यावरही ती चारचौघांत म्हणायची, "नसे, ओढणी नीट घे." गोड बाईसाठी लोक रडत होते. मला माझी भांडखोर आपा हवी होती.

तू जाऊन आज नऊ दिवस झाले. मी कामावर जाते, वेळेवर जेवते, कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते. पण मनातलं बोलायचं म्हटलं की तूच लागतेस. तुला वाचायला यायचं, तरी माझं एकही पत्र तू कधी पुरतं वाचलं नाहीस. "तोंडानं सांग की," म्हणायचीस. तर हे तोंडानं सांगितल्यासारखंच लिहिते आहे.

डोळे मिटले की दुकान दिसतं. दोन बायका बसल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहावं एवढंच आपलं ते बांगड्यांचं दुकान. सीमेकडच्या गावांतून बायका यायच्या, कुणी मराठी बोलणाऱ्या, कुणी कानडी. "बा अक्का, कुंद्रु," ये बाई, बस, असं म्हणता म्हणता तुझी नजर तिच्या हातावर गेलेली असायची आणि माप ठरलेलं असायचं. माप विचारणं तुला कमीपणाचं वाटायचं. हात हातात घ्यायचीस, अंगठ्याच्या बुडाशी दाबायचीस, आणि तिला काहीतरी विचारायचीस. पोरगी बरी नांदते का, गावात टँकर आला का. ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. तिला दुखलेलं कळायचंही नाही.

मला साताऱ्याला कॉलेजात सोडायला तू आलीस तेव्हाही पिशवीत बांगड्या होत्या. होस्टेलच्या रेक्टरबाई फार करड्या होत्या. तू काही न बोलता त्यांचा हात ओढून घेतलास, डझनभर बांगड्या चढवल्यास आणि म्हणालीस, "आता आमच्या पोरीकडं बगा." मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. रेक्टरबाईंनी मात्र त्या बांगड्या वर्षभर उतरवल्या नाहीत.

मी सांगलीच्या प्रयोगशाळेत लागले, त्यानंतरची एक दुपार. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तू पाय पसरून बसली होतीस.

"नसे, तू उंदरांचं मेंदू कापतीस म्हणं. कशापायी गं?"

मी सांगायला बसले. मेंदूतल्या पेशींना लांबच लांब फांद्या असतात. त्या फांद्यांच्या आत बारीक नळ्या असतात आणि त्यांच्यावरून पेशीचा माल इकडून तिकडे जातो. त्या नळ्या ढिल्या पडू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन आहे, टाऊ नावाचं. काही एंझाइमं या टाऊवर फॉस्फेटचे कण चिकटवतात आणि दुसरी काही ते कण उतरवतात. चिकटवणं वाईट नाही. त्यावरूनच ठरतं, टाऊनं नळी कधी धरायची आणि कधी सोडायची. तरुणपणी दोन्ही कामं बरोबरीनं चालतात. वय झालं की उतरवणारी मंदावतात. काही माणसांत हे कण साचतच जातात, टाऊ नळी सोडतं आणि आपापसांत गुंता करून बसतं. पेशी वाळत जाते. माणूस विसरायला लागतो.

"आन् तू काय करतीस त्यात?"

"चिकटवणाऱ्यांना आवर घालता येतो का, ते बघते."

तू पसरलेले पाय जवळ घेतलेस. मग म्हणालीस, "दमलंय कोण? उतरवणारं. मग चिकटवणाऱ्याला कशाला बडवतीस? दमलेल्याला बळ द्या की."

मी हसले. "आपा, तेवढं सोपं नसतं. त्या उतरवणाऱ्याच्या मागं शंभर कामं असतात. त्याला जोर दिला तर नको तिथूनही उतरवत सुटेल."

"म्हंजे बाईमाणसासारखंच हाय म्हण की ते. शंभर कामं लावायची, आन् वर म्हणायचं मंद झालंय."

हे भांडण आपण कितीतरी वर्षं भांडलो. मी दारात चप्पल काढायच्या आत तू विचारायचीस, "दिलं का न्हाई बळ अजून?" आणि मी दर वेळी तुला मोठी शास्त्रज्ञ असल्यासारखं समजावायचे. तुला ते आवडायचं. मला हरवायचं नसायचं तुला, बोलतं ठेवायचं असायचं. हे मला आत्ता कळतंय.

मग ती नागपंचमीच्या आधीची गर्दी. मी दोन दिवस रजा काढून आले होते, खोकी उघडून देत होते. तुझ्या वीस वर्षांच्या ओळखीची एक बाई येऊन बसली. तू तिचा हात हातात घेतलास, बघत राहिलीस, आणि विचारलंस, "माप काय गं तुझं?"

ती खळखळून हसली. तिला वाटलं, तू चेष्टा करते आहेस. तूही हसलीस. पण हसायच्या आधी क्षणभर तुझे डोळे कावरेबावरे झाले होते, आणि ते मी पाहिलं होतं. तरी मी स्वतःला सांगितलं, गर्दी आहे, दमली असेल.

पुढं शबानाचे फोन यायला लागले. अम्मीनं दुधाचं भांडं जाळलं. अम्मी दुकानातून घरी यायला निघाली आणि उलट्या दिशेनं चालत गेली. मी तुला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून मला आत मेंदूचा फोटो दाखवला. मला दाखवायची गरज नव्हती. कुठं पोकळी आली आहे ते मी त्यांच्या आधी पाहिलं.

बाहेर आले. तू बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस.

"काय म्हणला गं डाक्टर?"

"काही नाही. रक्त कमी आहे तुझं. वयानं होतं असं. गोळ्या दिल्यात."

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. "तू हेच शिकलीस न्हवं? मेंदूचं?"

"हो."

"मग तू म्हणतीस तर तसंच आसंल," म्हणालीस, आणि उठलीस.

आपा, हे वाक्य माझ्या छातीत अजून रुतलेलं आहे. दुसऱ्या कुणी खोटं सांगितलं असतं तर तू त्याला उभं-आडवं घेतलं असतंस. मी मेंदूचं शिकलेली म्हणून तू विश्वास ठेवलास. मी का खोटं बोलले? तुला धक्का बसेल म्हणून, असं मी शबानाला सांगितलं आणि तिलाही गप्प राहायला लावलं. खरं एवढंच की मी घाबरले. सभागृहात शंभर माणसांसमोर जो शब्द मी सहज उच्चारते, तो तुझ्या नावापुढं लावायला माझी जीभ वळेना.

आठ महिने असे गेले. तू शबानावर आळ घ्यायला लागलीस, ही माझी खोकी हलवते म्हणून. ती बिचारी रडायची, पण मी बांधून घातलेलं तोंड उघडायची नाही. मी महिन्यातून एकदा यायचे, गोळ्या बघायचे, जायचे. मग एक दिवस शबानाचा फोन आला.

"खाला, अम्मी रोजे धरतीया. रमजान न्हाई, काय न्हाई. दिसभर पाणीबी पीत न्हाई. का म्हणून विचारलं तर तोंड फिरवती."

मी दुपारपर्यंत जतला पोचले. तू मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होतीस. ओठ सुकलेले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तू हातानं बाजूला सारलास.

"कशासाठी आपा?"

तू तोंड फिरवलंस. मग म्हणालीस, "गौरव्वाचा तळतळाट हाय ह्यो. मला येड लागलंय, आन् तुमी समदी लपवताय."

तेव्हा मी पहिल्यांदा गौरव्वाचं नाव ऐकलं. जतच्या पलीकडच्या एका गावात तू लग्नाचा चुडा भरायला गेली होतीस. तू तेव्हा विशी-पंचविशीची. नवरीला भरलास, तिच्या चुलत्या-मावश्यांना भरलास. शेवटी नवरीची आई, गौरव्वा, पुढं येऊन बसली आणि तिनं हात पुढं केला. तिचा नवरा वारून वर्ष झालं होतं. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आणि तू तिचा हात हळूच मागं सारलास. म्हणालीस, "तुमास्नी नको."

"मी न्हाई म्हणायला नको हुतं, नसे. समद्या बघत हुत्या. गावचं गिऱ्हाईक तुटंल म्हणून भ्याले. तिनं हात पदराखाली घेतला तो मला आजून दिसतोय. आता माझ्या हातातलं माप गेलं. तिचंच हाय हे."

कालचं जेवण तुला आठवत नव्हतं, आणि तो पदर तुला दिसत होता. आठ महिने तू हे एकटी घेऊन बसली होतीस, आणि आता उपाशी राहून फेडत होतीस. माझ्या एका खोट्यामुळं.

मी बांगड्यांच्या खोक्याचं झाकण घेतलं, पेन काढलं आणि त्यावर रेघा ओढत सगळं सांगितलं. दवाखान्यात काय दिसलं ते. आजाराचं नाव. पेशी, नळ्या, टाऊ, चिकटवणारी, उतरवणारी. पूर्वी हे सगळं मी उंदरांबद्दल सांगितलं होतं. आता म्हणाले, "आपा, हे तुझ्या डोक्यात होतंय. यात कुणाचा शाप नाही. वेड नाही. तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. आणि याला अजून पक्का उपाय नाही."

तू झाकणावरच्या रेघांकडे पाहत राहिलीस. मग मान वर केलीस.

"तुला हे कवापास्नं ठावं हाय?"

"मिरजेला गेलो तेव्हापासून."

"आठ म्हैनं?"

"हो."

"आन् मी आठ म्हैनं त्या बाईचं नाव घिऊन रडत बसले." तुझा आवाज चढला नाही, तेच मला सहन झालं नाही. "तू शिकलीस कशासाठी गं मग?"

त्या दिवशी तू माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस. शबानाच्या हातून मात्र पाणी प्यायलीस. मी ओट्याशी उभी राहून ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू स्वतः माझ्यापाशी येऊन बसलीस. "तळतळाट न्हाई म्हणतीस. खरं?"

"खरं."

"मग आता गौरव्वाकडं चल."

"आता कशाला? मी सांगितलं ना..."

"आगं, शाप हाय म्हणून गेले आसते तर भ्यून गेले आसते. आता माझ्या मनानं जाते. ठावं हाय तवर जाऊन येते."

आपण रिक्षा करून गेलो. तू बांगड्यांची पेटी मांडीवर घट्ट धरली होतीस. वाटेत दोनदा विचारलंस, कुठं चाललोय. दोन्ही वेळा मी खरं सांगितलं.

गौरव्वा मेंढरांच्या वाड्यापाशी बसून होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, ताठ. तू तिच्यासमोर मातीत बसलीस आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सगळं सांगितलंस. मला वाटलं, ती एक तर रडेल, नाही तर हाकलून देईल. ती तुझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मला न्हाई आठवत गं बाई. त्या दिसात लय जणींनी माझा हात मागं सारला. त्यात तुझा हात कुठला, कसं सांगू?"

तू खाली मान घातलीस. मेंढरं ओरडत होती. मग गौरव्वानंच पेटीकडं बोट दाखवलं.

"एवढ्या लांब आलायस. ती जांभळी दाव."

तू तिचा हात हातात घेतलास. नुसती काडी झाली होती त्या हाताची. मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले, आता तू माप विचारणार म्हणून. तू विचारलं नाहीस. बोटांनी चाचपलास, पेटीतून बरोबर जोड काढलास, अंगठ्याच्या बुडाशी दाबलास आणि विचारलंस, "लेक कशी हाय तुमची?" गौरव्वा लेकीचं सांगत राहिली. सहा इकडे, सहा तिकडे. एकही पिचली नाही. हातांची शिकलेली कामं मेंदूत वेगळ्या जागी जपलेली असतात आणि या आजारात ती बरीच उशिरा जातात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी मी ते विसरून नुसती बघत बसले.

निघताना गौरव्वानं हात हलवून बांगड्या वाजवल्या. एकदाच. तुला ऐकवायला.

जतच्या स्टँडपाशी रिक्षा आली तेव्हा तू विचारलंस, "आपुन कुठं गेलतो गं?" मी सांगितलं. तुझा चेहरा असा उजळला, जणू पहिल्यांदाच ऐकते आहेस. पुढं कितीतरी महिने मी तुला ते सांगत राहिले. गौरव्वाकडं जाऊन आलो, तिनं जांभळ्या घातल्या. दर वेळी तुला नव्यानं बरं वाटायचं. एवढं एकच सुख त्या आजारानं मला दिलं.

त्यानंतरची वर्षं मी इथं लिहीत नाही. ती शबानाला माहीत आहेत, तिनं काढली. एवढंच सांगते की मागच्या वर्षी मी काम बदललं. आता मी उतरवणाऱ्या एंझाइमावर काम करते. म्हातारपणी ते का मंदावतं, आणि त्याच्या शंभर कामांना धक्का न लावता त्याला या एका कामापुरतं बळ देता येईल का, ते बघते. जमेलच असं नाही. हे सांगायला मी खास जतला आले होते. तुझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आपा, तू जिंकलीस." तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "बा अक्का, कुंद्रु." शेवटच्या दिवसांत तुझ्याकडं तेवढंच उरलं होतं. तुझ्या लेखी मी कुणीतरी लांबून आलेली बाई होते. पण हात तू नेहमीसारखाच धरलास, दुखू न देता.

आज सकाळचं सांगते. आमच्या कामासाठी आम्ही विसराळूपणाच्या पेशंटांचं रक्त घेतो. आधी त्यांना सगळं समजावून सही घ्यायची असते. ते समजावणं मी नेहमी सहकाऱ्यांवर ढकलत आले. आज कुणी नव्हतं. कुंडलचे एक आजोबा आले, बरोबर मुलगा. आजोबा खुर्चीत बसले आणि सरळ विचारलं, "म्याडम, मला नेमकं काय झालंय? ही पोरं सांगत न्हाईत."

मुलानं त्यांच्या मागून मला हात हलवून खुणावलं, सांगू नका. अगदी रडकुंडीला आला होता. त्याच्या जागी मी मिरजेला होते, आपा. मला त्याचा राग आला नाही.

मी म्हणाले, "आजोबा, तुम्हाला खरं सांगू का?"

"त्याच्यासाठीच आलोय."

मी सांगितलं. एक कागद घेऊन रेघा काढल्या. ते शांतपणे ऐकत होते. मुलगा खिडकीकडं तोंड करून उभा होता.

"म्हंजे हळूहळू समदंच जाणार म्हणा."

"हळूहळू. किती दिवसांत ते मला सांगता येणार नाही."

"आज तरी हाय न्हवं?"

"आज आहे."

त्यांनी मोठी, वाकडीतिकडी सही केली. उठले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "रडतोस काय गड्या. चल. तुझ्या आयचं एक सांगायचं राह्यलंय तुला. वाटंत सांगतो."

दोघं जिना उतरून गेले. मी कागद हातात घेऊन बसून राहिले.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आपा. मला तिचा चेहरा फोटोतला आठवतो, आवाज नाही. ती मला काय म्हणून हाक मारायची, ते तुला माहीत होतं. त्या आठ महिन्यांत माहीत होतं; नंतर विचारलं तेव्हा ते गेलेलं होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तूही उठली असतीस, माझ्या खांद्यावर हात ठेवला असतास आणि वाटेत सांगितलं असतंस. मिरज ते जत, केवढी मोठी वाट होती.